मशीन खुशाल घ्या, नोकरी मात्र सोडू नका



मे महिना संपत आला. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. जाळी दुरुस्तीला निघतील, इंजिने उघडली जातील, बोटी वर ओढल्या जातील. याच दिवसांत कोणी ना कोणी सल्ला विचारायला कार्यालयात येतो. यंदा पंधरा दिवसांत चार मुलगे आले आणि चौघांचा प्रश्न एकच. "सेक्रेटरीबाब, प्रेशर मशीन घेऊन बोटी धुवायचा धंदा सुरू केला तर चालेल काय?"

चौघेही आपल्याच सभासदांच्या घरचे. चौघांनाही महिन्याच्या पगाराची नोकरी आहे. एक कारखान्यात पाळीवर, एक हॉटेलात मेंटेनन्सला, एक ड्रायव्हर, एक दुकानात. त्यातल्या दोघांनी लगेच दुसरा प्रश्नही विचारला, "मग नोकरी कधी सोडू?"

एकेकाला वेगळे सांगत बसण्यापेक्षा सगळ्यांसाठी इथे लिहितो. आमचे मत असे: धंदा चांगला आहे, जरूर करा. नोकरी सोडू नका, निदान दोन पावसाळे तरी नाही. आणि हा धंदा आपल्या मुलांना जमणार की बुडणार हे मशीनवर कमी आणि आपण बोटमालक पैसे कसे देतो यावर जास्त अवलंबून आहे. शेवटचे वाक्य काहींना झोंबेल. तरी पूर्ण वाचा.

काम आहे, यात शंका नाही

बोट वर घेतली की तिचे बूड कसे दिसते हे कोणाला सांगायला नको. शेवाळ, चिखल आणि चिकटलेली कवचे. ती ओली असताना पाण्याच्या जोराच्या माऱ्याने सुटून येतात. दोन दिवस ऊन लागले की सिमेंटसारखी बसतात, मग पत्रा घेऊन खरवडत बसा. पूर्वी चार माणसे दिवसभर हेच करायची. आता खलाशी बंदी लागली की गावाला जातात, हात कमी पडतात. म्हणून मशीनवाला हवा.

बोटी सोडून पण कामे आहेत. पावसाळ्यानंतर घराच्या कंपाउंडला, पायऱ्यांना, अंगणातल्या पेव्हरला हिरवा थर येतो. चवथीआधी आणि दिवाळीआधी लोक माणूस शोधत फिरतात. एप्रिल-मे महिन्यात गच्ची धुऊन घेतात, कारण त्यावर वॉटरप्रूफिंग करायचे असते. मासळी नेणारे टेम्पो, बर्फाच्या पेट्या, क्रेट हे तर बारमाही.

मात्र बारकाईने बघा. जूनच्या सुरुवातीला कामांची गर्दी. जुलैत बोट धुऊन रंगाला गेलेली असते आणि बाहेर मुसळधार पाऊस, म्हणजे काम जवळजवळ नाही. चवथीआधी थोडे, दिवाळीआधी बरे, जानेवारी-फेब्रुवारीत सुके. जूनचे पंधरा दिवस बघून वर्षाचा अंदाज बांधला तर फसगत ठरलेली. पहिल्या दोन फेऱ्यांत बांगडा भरभरून मिळाला म्हणून कोणी नवीन बोटीची ऑर्डर देत नाही. तोच विचार इथे ठेवायचा.

आमच्या समोर घडलेले

आपल्याच एका मुलाची गोष्ट त्याला विचारून सांगतो. नाव सांगणार नाही.

तो औद्योगिक वसाहतीत नोकरीला होता. सहा वर्षे झाली होती. मे महिन्यात कर्ज काढून मोठे मशीन घेतले. जूनच्या पहिल्या तीन आठवड्यांत इतके काम आले की रात्री बॅटरी लावून धुवायचा. कामावर दांड्या झाल्या. सुपरवायझरने समज दिली, याला राग आला आणि राजीनामा देऊन मोकळा झाला. घरी म्हणाला, "एका दिवसात तिकडच्या चार दिवसांचे मिळतात, कशाला कोणाचे ऐकून घेऊ?"

जुलैत काम थांबले. हप्ता थांबला नाही. ज्यांच्या बोटी धुतल्या त्यातल्या निम्म्यांनी सांगितले, "१ ऑगस्टला बोटी सुटू देत, पहिल्या मासळीचे पैसे आले की देतो." ऑगस्टमध्ये दर्या खवळलेला, बोटी उशिरा गेल्या. पैसे सप्टेंबरात आले, तेही तुटक तुटक. दोघांचे आजतागायत यायचे आहेत. मधल्या काळात त्याच्या आईच्या बांगड्या बँकेत गेल्या. जुन्या नोकरीच्या जागेवर दुसरा लागला होता. आज तो रोजंदारीवर जातो आणि मशीन पडवीत ताडपत्रीखाली आहे.

त्याची चूक झाली, ते तो स्वतः बोलतो. पण त्या चुकीत आपला पण वाटा आहे. आणि लपवत नाही, त्यात संस्थेचाही आहे. लिलावाची फरशी त्याने जूनमध्ये धुऊन दिली आणि त्याचे बिल आमच्या टेबलावर सात आठवडे सहीवाचून पडून होते. बैठक झाली नाही हे कारण. त्याच्या हप्त्याला ते कारण चालले नाही.

याउलट आपल्याकडचेच एक जोडपे आहे. नवरा अजून नोकरीत आहे, हे तिसरे वर्ष. काम फक्त रविवारी आणि सुटीच्या दिवशी. फोन बायको घेते, तारीख तीच देते, वही तीच लिहिते, आणि अर्धे पैसे आधी आल्याशिवाय नवऱ्याला बाहेर पडू देत नाही. लोक सुरुवातीला नावे ठेवत होते. आता तेच लोक तिला आधी फोन करतात, कारण सांगितलेल्या वेळेला माणूस हजर असतो.

वहीवरचा हिशेब

खाली दिलेले आकडे समजण्यासाठी आहेत. आपले आपण घालून बघा.

समजा एका रविवारी दोन कामे मिळाली, प्रत्येकी १,५०० रुपयांची. हातात आले ३,०००. त्यातून मदतनीस ७००, टेम्पो किंवा पेट्रोल ४००, पाणी आणि वीज १५०, आणि पाइप, नोझल, तेल, दुरुस्ती यासाठी २५० बाजूला. एकूण १,५०० गेले. राहिले १,५००. महिन्यात चार रविवार, पण एक पावसात, लग्नात नाहीतर कामावरच्या पाळीत जातोच. तीन रविवारांचे ४,५०० झाले. मशीनचा हप्ता ३,००० असेल तर घरात आले १,५००.

आता नोकरीचा पगार १८,००० धरा. एका कामामागे ७५० रुपये सुटतात, म्हणजे तेवढा पगार भरून काढायला महिन्याला २४ कामे लागतील. बाराही महिने, जुलै धरून. हप्ता वेगळा. शिवाय नोकरीत मालक पीएफचा वाटा भरतो, ईएसआयसीचे कार्ड असते, पोराला ताप आला तर दवाखाना असतो. पीएफच्या पेन्शनचा हक्क दहा वर्षे भरल्यावर मिळतो. सातव्या-आठव्या वर्षी सोडणाऱ्याने आधी हे मोजावे. धंद्यात यातले काहीच आपोआप मिळत नाही.

म्हणून आमचा साधा नियम. धंद्याचे खाते वेगळे ठेवा, पगाराचे वेगळे. धंद्याच्या पैशातून पहिल्या वर्षी घरखर्च करू नका. त्यातून मशीनचे पैसे फिटू देत. दोन पूर्ण वर्षांची वही हातात असेल, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल, आणि सर्वांत वाईट महिन्याची कमाई पण घर चालवू शकत असेल, तेव्हा नोकरी सोडण्याचा विषय काढा. सर्वांत चांगला महिना मोजू नका.

पहिले मशीन शक्यतो स्वतःच्या बचतीतून, मध्यम ताकदीचे घ्या. कर्ज लागलेच तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत मिळते, त्याचे कागद कार्यालयात समजावून सांगू. पण दागिने ठेवून मशीन आणायचे नाही. ते मासे पकडणारे जाळे नाही, काम मिळाले तरच चालणारी वस्तू आहे.

नोकरी सांभाळून कसे जमवायचे

सगळ्यात मोठी अडचण रविवारची आहे. बोट वर ओढतात ती उधाणाच्या भरतीला, अमावास्या-पुनवेच्या आसपास. ती मंगळवारी आली तर मंगळवारीच बोट वर येणार. आणि बूड ओले असतानाच धुवायला हवे. मग नोकरीवाल्याने करायचे काय?

यावर दोन उपाय. एक, वर्षभराची रजा लग्नांना आणि जत्रांना उडवू नका. भरतीचे पंचांग आधी बघा आणि जूनच्या पहिल्या उधाणाचे तीन-चार दिवस रजा मागून ठेवा, महिनाभर आधी, लेखी. दांडी मारायची नाही. दोन, जोडीदार घ्या. दोघांच्या पाळ्या वेगळ्या असतील तर एक जण मोकळा मिळतो. भाऊ असो की मित्र, वाटणी कागदावर लिहा. रापणीचा वाटा ठरलेला असतो म्हणून इतक्या माणसांत भांडण होत नाही, तसेच.

रात्रपाळी करून सकाळी मशीन हातात घेऊ नका. ओल्या जागेत, वीज आणि दाबाच्या पाण्याजवळ डुलकी लागली तर धंदा आणि नोकरी दोन्ही राहील, माणूस राहणार नाही.

नेमणुकीचे पत्र काढून वाचा. पुष्कळ कंपन्यांच्या पत्रात दुसरे काम करू नये असे कलम असते. असेल तर साहेबांना विचारून घ्या. विचारल्याने काही जात नाही, लपवल्याने जाते. सरकारी नोकर असाल तर आगाऊ परवानगीशिवाय धंदा करता येत नाही. बायकोच्या नावावर केला तरी कळवावे लागते. उद्यम नोंदणी आधार कार्डावर ऑनलाइन होते आणि ती मोफत आहे. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. सेवेच्या कामाला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पण धंद्याचे उत्पन्न आयकराच्या विवरणात पगारासोबत दाखवायचे असते. आणि पंचायतीत एकदा विचारून या.

मशीन म्हणजे खेळणे नव्हे

हा भाग घरच्या बायकांनी पण वाचावा, कारण मुलगे ऐकत नाहीत.

लाल नोझलमधून पाणी सुईसारखे सरळ येते. ते बोटीला वापरायचे नाही आणि कधीही माणसाच्या दिशेने धरायचे नाही. दाबाचे पाणी कातडीत घुसले तर बाहेर नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो, आतले मांस मात्र खराब होते. हळद लावून घरी बसू नका. लगेच मोठ्या हॉस्पिटलात जा आणि प्रेशर मशीनने लागले हे स्पष्ट सांगा. फायबरच्या बोटीला हिरवे किंवा पांढरे, म्हणजे पंख्यासारखे पसरणारे नोझल घ्या आणि अंतर ठेवून धुवा. जवळ धरले तर वरचा जेलकोट उडतो. लाकडी बोटीत फळ्यांच्या सांध्यांत भरलेला कापूस निघून येतो, मग ऑगस्टमध्ये बोट पाणी घेते आणि मालक तुमच्या नावाने ओरडतो. घरकाम करताना जांभ्या दगडाच्या जुन्या भिंतींना आणि मंगळुरी कौलांना जोराचा मारा देऊ नका, दगड खातो, कौल फुटते. सोलर पॅनेलला तर हातच लावू नका.

वीज. तीन हॉर्सपॉवरचे मशीन म्हणजे सव्वादोन किलोवॅटच्या आसपास भार. घरातली पातळ एक्स्टेंशन वायर तापते आणि जोड पाण्यात पडलेला असतो. जाड वायर, अखंड, आणि ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी लावल्याशिवाय बटण दाबू नका. पायात रबरी बूट, डोळ्यांवर चष्मा. पेट्रोलचे मशीन असेल तर ते बोटीच्या खणात किंवा इंजिनरूममध्ये उतरवायचे नाही, त्याच्या धुराने माणूस बेशुद्ध पडतो. मासळी कुजलेल्या बंद खणात पण झाकण उघडून हवा खेळल्याशिवाय उतरू नका. आत कोणी पडला म्हणून दुसऱ्याने धावत उडी घेऊ नये, तोही पडतो. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीच एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

पाणी. मिनिटाला दहा लिटर ओढणारे मशीन तासाला ६०० लिटर पाणी संपवते. मे महिन्यात विहिरी तळाला गेलेल्या असताना हे पाणी कुठून आणणार ते आधी ठरवा. खाडीचे पाणी मशीनला लावले तर खारामुळे पंप जातो.

आणि धुतलेली घाण. बोटीच्या बुडाचा रंग विषारी असतो, कवचे धरू नयेत म्हणूनच तो लावतात. त्यात बहुतेक तांबे असते. पूर्वीचे टिनवाले रंग तर इतके घातक ठरले की २००८ पासून आंतरराष्ट्रीय करारानेच त्यांच्यावर बंदी आहे. जुना रंग पाण्याच्या माऱ्याने उडतो आणि थेट खाडीत जातो. त्याच खाडीत आपल्या बायका खुबे, तिसऱ्या आणि शिनाण्या काढतात. तेव्हा खाली ताडपत्री पसरा, खपले गोळा करा, पोत्यात भरा. रस्त्याच्या कडेला फेकू नका. हे काम धरून दर सांगा. "ताडपत्रीचे पैसे कशाला?" असे विचारणाऱ्या मालकाला हा परिच्छेद दाखवा.

बोटमालकांनो, आता तुमच्याशी

आम्ही स्वतः बोटीच्या घरातले आहोत, तेव्हा बाहेरून बोलत नाही. बंदीच्या काळात मालकाच्या हातात पैसा नसतो, हे खरे. पण डिझेलवाला उधार देतो तर आपण त्याला सलाम करतो, बर्फवाल्याचे पैसे ठेवले तर दुसऱ्या दिवशी बर्फ मिळत नाही म्हणून वेळेवर देतो. इंजिनचा मेकॅनिक बाहेरून येतो, त्याला चहा पाजून रोख देतो. आणि आपल्या शेजारचा पोरगा बूड धुऊन देतो, त्याला म्हणतो, "अरे बाबू, तू घरचाच ना रे? कुठे पळून जातोय मी?"

तुम्ही पळत नाही. पण तो पोरगा पळतो. एकदा दोनदा हात पोळले की तो रिसॉर्टच्या स्विमिंग पूलची फरशी धुवायला जातो, कारण तिथे बिल दिले की पैसे खात्यात येतात. मग जूनमध्ये आपण म्हणतो, आजकालच्या पोरांना दर्याची लाज वाटते. लाज नाही वाटत. उधारी परवडत नाही.

आपली मुले बोटीवर येत नाहीत ही तक्रार प्रत्येक सर्वसाधारण सभेत होते. ही मुले बोटीवर नाही आली तरी बोटीभोवती उभी राहायला तयार आहेत, नोकरी सांभाळून, रविवारची सुटी मोडून. त्यांना धरून ठेवायचे असेल तर नातेवाइकी पुरणार नाही, दर आणि तारीख लागेल. उद्या याच मुलांतला एखादा फायबरचे काम शिकेल, एखादा इंजिन उघडेल. नाही धरले तर प्रत्येक कामाला बाहेरचा माणूस बोलवायचा आणि त्याने सांगितलेला दर द्यायचा.

काही जण म्हणतात, धंदा आहे तर धोका त्याने घ्यावा, आम्ही का सांभाळायचे? बरोबर आहे. पाऊस, मशीन बिघडणे, गिऱ्हाईक न मिळणे, हे धोके त्याचेच. पण केलेल्या कामाचे पैसे न मिळणे हा धंद्यातला धोका नाही. ती आपली सवय आहे आणि आपण ती मोडू शकतो.

म्हणून पुढच्या बैठकीत आम्ही तीन गोष्टी मांडणार आहोत. पहिली, बोटीच्या लांबीप्रमाणे धुण्याचा दर मुलांना आणि मालकांना समोरासमोर बसवून ठरवायचा आणि फलकावर लावायचा. दुसरी, अर्धे पैसे आधी, अर्धे काम झाल्याच्या दिवशी. तिसरी, कोणाची बोट कोणत्या भरतीला वर येणार ते कार्यालयात आधी नोंदवायचे, म्हणजे नोकरीवाल्या मुलाला रजा मागता येईल आणि चार मालक एकाच सकाळी त्याला बोलावणार नाहीत. संस्थेकडून होणाऱ्या कामाचे बिल सात दिवसांत देण्याचे आम्ही आजच कबूल करतो. बैठक होवो न होवो.

त्या चार मुलांना शेवटचे सांगणे. वारा चांगला आहे म्हणून नांगर कापून कोणी निघत नाही, उचलून बोटीत घेतो. नोकरी तसा नांगर समजा. उचलायची वेळ आली की दोन वर्षांची वही घेऊन कार्यालयात या, बसून एकत्र बघू.

आणि ज्या दोन मालकांचे त्या मुलाचे पैसे द्यायचे राहिले आहेत, त्यांना आम्ही ओळखतो, तेही स्वतःला ओळखतात. १ जूनच्या आत नेऊन द्या. मशीन अजून चालू स्थितीत आहे, ताडपत्री काढायला वेळ लागणार नाही. सुरुवात तुमच्याच बोटीपासून करायला सांगू.



– सचिव, संस्था कार्यालय